लेप घाट चढतो: कोल्हापूर, मालवण आणि परत

शुक्रवार

कोल्हापूरला समुद्र नाही, पण समुद्राची मासळी रोज आहे. मालवण, देवगड, रत्नागिरी, गोवा, जिथून मिळेल तिथून भरलेले टेम्पो रात्री घाट चढतात आणि पहाटे शहरात शिरतात. आठवड्याचं गणित ठरलेलं असतं. सोमवार, गुरुवार, शनिवार बाजार थंड. शुक्रवारी अंबाबाईची पालखी, म्हणून काही घरं तोही वार पाळतात. खरी झुंबड बुधवारी आणि रविवारी. त्यातही रविवारी मासळीची गाठ मटणाशी असते, आणि त्या सामन्यात कोल्हापुरात मासळी कधी जिंकलेली नाही.

दुपारी ताईकडे मालवणला निघायचं होतं. त्याआधी सकाळी बाजारात गेलो ते फक्त लेप बघायला. लेप म्हणजे तो चपटा, लांबट, शेपटीकडे निमुळता होत गेलेला मासा. मुंबईकडे त्यालाच लेपटी म्हणतात. किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात, तळाच्या वाळूत नाहीतर चिखलात अंग गाडून राहणारा. बाजारात मात्र त्याची जागा कडेला. पुढे सुरमई, पापलेट, कोळंबी. मध्ये बांगड्यांचा ढीग. आणि लेप एका पाटीत, बर्फ वितळून झालेल्या पाण्यात, कुणी विचारलंच तर.

पापलेटचा रुबाब तर विचारूच नका. २०२३ मध्ये सरकारने त्याला महाराष्ट्राचा राज्यमासा करून टाकलं, आणि तेव्हापासून भाव सांगतानाचा विक्रेत्यांचा आवाजही बदललाय असं मला वाटतं.

लेपाच्या पाटीत एक गोष्ट डोळ्यांत भरली. सगळे मासे पालथे. वर पांढरी बाजू, तपकिरी बाजू खाली. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "काळी बाजू वर ठेवली तर कोण घेतंय? शिळं हाय म्हंत्यात. पांढरं दिसलं की पापलेटची आठवण येती माणसाला." मग सुरी उचलून म्हणाल्या, "घे की दादा. काटा न्हाई, पोरांस्नी द्यायला बेस. मी साल काढून देतो."

एक लेप उचलून मी उलटा केला. पांढऱ्या बाजूला डोळाच नाही. दोन्ही डोळे तपकिरी बाजूला, एकमेकांना खेटून, बारीक. तोंड आकड्यासारखं खाली वळलेलं आणि तेही तिरपं, कुणीतरी ओढून एका बाजूला नेल्यागत. पाठीचा पर, शेपटी आणि पोटाचा पर वेगळे कळतच नाहीत, अंगाच्या कडेने एकच झालर फिरलेली. डोकं पुढे आणि पाठ वर अशी धरली तर दोन्ही डोळे डाव्या अंगाला येतात. म्हणजे हा मासा आयुष्यभर उजव्या कुशीवर पडलेला असतो, आणि आपण बाजारात त्याची कूस बदलून ठेवतो. मग डोळे कुणाला दिसणार? कोल्हापुरात वर्षानुवर्षं लेप खाणाऱ्या माणसाला त्याचे डोळे एकाच बाजूला असतात हे माहीत नसेल, तर त्यात त्याचा दोष नाही.

"मावशी, हा जिवंत असताना कसा राहतो, बघितलाय कधी?"

"मी कुठं बघतो? समुद्राला एकदा गेल्तो, गणपतीपुळ्याला. तवा पाय भिजवून आलो."

दुपारी निघालो. फोंडा घाटाचा रस्ता घेतला. वाशी नाका सोडला की हळदी, परितेपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगायचं. कारखाने सुरू झाल्यावर या रस्त्यावर घड्याळ बघण्यात अर्थ नसतो. राधानगरी गेल्यावर रस्ता मोकळा झाला. शाहू महाराजांनी उभारायला घेतलेलं धरण डोंगराआड गेलं, आणि दाजीपूरचं जंगल सुरू झालं.

या डोंगरमाथ्यावर दर वेळी मला एक गंमत वाटते. इथे अलीकडे पडलेला पाऊस भोगावतीत उतरतो, पुढे पंचगंगेत, मग कृष्णेत, आणि कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. पलीकडे पडलेला पाऊस काही तासांत अरबी समुद्रात. आमचं पाणी पूर्वेच्या समुद्राला आणि आमच्या ताटातला मासा पश्चिमेच्या समुद्रातून. मधे हा एक घाट.

फोंड्याला चहा, कणकवली, कसाल, कट्टा, चौके करत अंधार पडल्यावर मालवण. ताईने जेवायला वाढेपर्यंत दाजींनी उद्याचं ठरवून टाकलं होतं. पहाटे रापण लागणार आहे, त्यांचा चुलतभाऊ रापणीत आहे, तिथे जायचं. "लेपच बघूक इलास?" दाजींनी दोनदा विचारलं. कोल्हापूरहून माणूस मालवणला येतो तो किल्ला बघायला, सुरमईची थाळी खायला, नाहीतर पाण्यात उड्या मारायला. लेप बघायला कुणी आल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

शनिवार

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. दोराचं एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हातात. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल फिरते आणि दुसरं टोक घेऊन थोड्या अंतरावर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंनी माणसं ओढायला लागतात. जाळ्याच्या वरच्या दोराला बोये असतात, ते तरंगतात. खालच्या दोराला वजनं, ती तळाला घासत येतात. लेपासाठी ही खालची कड महत्त्वाची. वरून जाणारं जाळं त्याचं काही करू शकत नाही; वाळू खरवडत येणारा दोर मात्र त्याला उठवतो.

सूर्य यायच्या आत आम्ही पोचलो. चाळीसएक माणसं दोराला लागलेली, त्यात बायका, म्हातारे, शाळेतली दोन पोरं. मीही दोर धरला. पाच मिनिटांत तळहात लाल. माझ्या पुढे तात्या होते, दाजींचे चुलतभाऊ. वळून न बघताच म्हणाले, "खंयसून इलास?"

"कोल्हापूर."

"कोल्हापूरवाल्यांका सुरमई-पापलेट सोडून दुसरा काय दिसता?"

यावर मी गप्प बसलो, कारण सकाळी सहा वाजता पाण्यात उभं राहून वाद घालायला ताकद लागते.

जाळं जवळ येत गेलं तशी पाण्यात खळबळ वाढली. शेवटचा टप्पा आला तेव्हा तात्यांनी मला मागे ओढलं. "आधी शिंगाळो खंय आसा तो बघ. काटो लागलो तर रात सगळी बोंबलत बसशीत." शिंगाळा हा तळाचा मासा. त्याच्या पाठीवर एक आणि छातीच्या दोन बाजूंना एकेक काटा असतो, आणि तो करवतीसारखा धारेचा असतो. पाकट आली तर तिच्या शेपटीवरचा काटा याहून वाईट. तळाला राहणाऱ्या माशांना पळून जायची फार सवय नसते, म्हणून कुणी काटा बाळगतो, कुणी लपतो. लेपाकडे काटा नाही. तो लपणारा.

जाळ्यात मुख्य माल तारलीचा होता. थोडे बांगडे, पेडवे, मूठभर मुडदुशी, चार-सहा कुर्ल्या, आणि अगदी खाली, जाळ्याच्या घोळात, लेप. माझ्या हाताच्या पंजाएवढे, काही त्याहून लहान. तारली उड्या मारत होती, बांगडे थडथडत होते. लेप तसं काही करत नव्हते. एखादा अंगाची कड हलवायचा, कडेवरून एक लाट डोक्यापासून शेपटीपर्यंत जायची, आणि पुन्हा स्तब्ध.

मुडदुशीकडेही बघून घेतलं. तीही वाळूचीच बाई. घाबरली की वाळूत डोकं खुपसून गडप होते. पण मुडदुशी गोल अंगाची, सरळ पोहणारी, डोळे दोन बाजूंना, सगळं नेहमीच्या माशासारखं. वाळूत राहायचं म्हणून तिने आपला आकार मोडला नाही. लेपाने मोडला.

तात्यांना म्हटलं, एक जिवंत लेप बादलीत टाकू का? त्यांनी स्वतःच बादलीत समुद्राचं पाणी भरलं आणि लेप सोडला. लेप तळाशी जाऊन पडला. कल्ल्यांची उघडझाप चाललेली, बाकी काही नाही. वरून पाहिलं तर फिकट निळ्या प्लास्टिकवर तपकिरी पट्टी, लगेच दिसेल अशी.

"तेका रेती व्हयी," तात्या म्हणाले. "रेती घाल, मगे बघ."

ओंजळी-ओंजळीने वाळू घातली. पाणी निवळायला जरा वेळ गेला. लेप वाळूवर सरकून पडला होता. मग त्याने अंगाला झटके दिले, एकापाठोपाठ एक, अगदी भराभर. कडेचे पर वाळू उडवत होते आणि ती वाळू त्याच्याच पाठीवर बसत होती. पुन्हा पाणी गढूळ. निवळलं तेव्हा बादलीत नुसती वाळू. मी तोंड पाण्याजवळ नेलं, एक-एक इंच शोधत गेलो, तेव्हा कुठे दोन ठिपके सापडले. मोहरीचे दोन दाणे शेजारी-शेजारी पडावेत तसे डोळे. एक किंचित हलला, दुसरा नाही. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरत होते. बाकीचा मासा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे मला शेवटपर्यंत नक्की सांगता आलं नाही.

शाळेतल्या पोरांनाही ते दाखवलं. एकाने बोट घातलं आणि सगळी वाळू उसळली.

लेप हा असाच दिवस काढतो. अंधार पडला की निघतो. वाळूतले किडे, बारीक कोळंब्या, छोटी शिंपली हे त्याचं खाणं. डोळे बारीक असल्याने भिस्त त्यांच्यावर फार नाही. भक्ष्य हलल्याने पाण्यात जी थरथर होते ती त्याला अंगावरच्या रेषांमधून कळते. बहुतेक माशांना अशी एक रेषा दोन्ही कुशींवर असते. लेपाच्या डोळ्यांच्या बाजूला दोन, काही जातींत तीन. जात ओळखायची तर जाणकार आधी या रेषा मोजतात.

मासळी वाटून झाली, तेव्हा लेपाचा ढीग घरी खायला म्हणून वेगळा ठेवलेला दिसला. तात्यांना विचारलं, हा टेम्पोत का जात नाही? म्हणाले, मोठो गावलो तर जाता, बारको कोण नेतलो? घाटावर भाव सुरमईला. बर्फ, डिझेल आणि हमाली मात्र सगळ्यांना सारखीच. त्यामुळे किनाऱ्यावर जे सगळ्यात आवडीनं खाल्लं जातं, त्यातलं बरंचसं घाट चढतच नाही. मालवणात मुडदुशीची आमटी आणि तळलेला लेप यांना पाहुण्यांच्या पंगतीत मान आहे. कोल्हापुरात त्यांचं नावही धड माहीत नाही.

दुपारी बंदरावर गेलो. ट्रॉलर लागले होते. ट्रॉल म्हणजे तळावरून ओढलं जाणारं जाळं, पुढे दोन जड फळ्या, त्यांनी जाळ्याचं तोंड उघडं राहतं आणि तळ खरवडला जातो. रापण दिवसातून एक-दोनदा किनाऱ्याजवळची वाळू ढवळते. ट्रॉलर तासन्‌तास तळ नांगरत जातो आणि त्यात लेपाबरोबर त्याचं खाणं, त्याची पिल्लं, सगळंच वर येतं. मालवणातले पारंपरिक मच्छीमार यावरून, आणि अख्ख्या थव्याला वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवरून व एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरूनही, किती वर्षं भांडत आहेत. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. दाजींचं म्हणणं, कायद्याला नाव ठेवायला जागा नाही, समुद्रात जाऊन तो पाळून घेणारे हात कमी. बंदराच्या धक्क्यावर अर्धा तास उभा राहिलो तेव्हा मलाही तेच वाटलं, पण मी पाहुणा.

ट्रॉलरमधून उतरलेल्या क्रेटमध्ये लेप बरेच होते, रापणीतल्यापेक्षा मोठे. दाजींनी ओळखीच्या टेम्पोवाल्याशी बोलून माझी पुढची जागा पक्की केली. आपली गाडी दाजी पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला येताना आणणार. ताईचं म्हणणं, या माणसाचं डोकं फिरलंय. पण डबा भरून दिला.

रविवार

टेम्पो शनिवारी रात्रीच नऊच्या सुमाराला निघाला. मागे क्रेटवर क्रेट, एक थर बर्फाचा, एक मासळीचा, पुन्हा बर्फ. ड्रायव्हर करवीर तालुक्यातला, आठवड्यात चार-पाच वेळा हाच रस्ता करणारा. त्याने निघताना सांगितलं, "झोपायचं असंल तर कणकवलीपर्यंत झोपा. घाटात झोपू नका, मला बोलायला माणूस लागतं." मग घाटात त्यानेच अखंड बोलून काढलं आणि मी हुंकार देत राहिलो.

त्याला एक प्रश्न मात्र मी विचारला, आणि या सगळ्या फेरीत माझ्या सगळ्यात जास्त कामाचं उत्तर त्यातून मिळालं. कुठला मासा घाटाला टिकतो?

"तारली सगळ्यात आधी जाती. मग बांगडा. बांगडा थोडा उशीर झाला की वासाला लागतो. लेपाला काय होत न्हाई. लेप दुसऱ्या दिवशीबी कडक."

हे का, ते लेपाच्या जगण्यातच आहे. बांगडा आणि तारली पाण्याच्या वरच्या थरात सतत पोहणारे, थव्याने लांब लांब फिरणारे. त्यासाठी अंगात तेल साठवलेलं असतं, आणि न थकता पोहत राहणारं लालसर मांस असतं. हेच तेल हवा लागली की खवट होतं. लेप तळाला पडून राहणारा. पळायचं नाही, लांब जायचं नाही. त्याचं मांस पांढरं, तेल अगदी थोडं. म्हणून बर्फात नीट ठेवला तर तो बांगड्यापेक्षा जास्त टिकतो. समुद्रापासून दीडशे किलोमीटरवर, डोंगराच्या अलीकडे राहणाऱ्या माणसाने कुठला मासा घ्यावा, याचं उत्तर सरळ आहे. तरी आम्ही घाट चढून थकलेला बांगडा घेतो आणि ताजा लेप कडेला ठेवतो. ही कोल्हापूरच्या खवय्यांवरची माझी टीका आहे, आणि ती मी मागे घेणार नाही.

दाजीपूरच्या पट्ट्यात ड्रायव्हरचं बोलणं आपोआप थांबलं. इथे गवा रस्त्यात उभा राहतो, हॉर्नला दाद देत नाही. आम्हाला दिसला नाही. राधानगरीच्या पुढे धुकं लागलं, मग पुन्हा उसाच्या ट्रॉल्या, आणि पहाटेच्या आत आम्ही शहरात.

क्रेट उतरवताना मला पहिल्यांदाच बाजार उलट्या बाजूने दिसला. वजनं, बोली, भांडण, चहा. मावशी पदर खोचून उभ्या. मला टेम्पोतून उतरताना बघून त्यांनी शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. लेपाचा एक क्रेट त्यांनी घेतला. त्यातले ताजे मोठे लेप मी निवडले. ताजा लेप ओळखायचा तर कल्ला लाल, अंग ताठ, तपकिरी बाजूवर पातळ स्वच्छ बुळबुळीत थर, आणि डोळे वर आलेले. डोळे आत बसले असतील तर सोडून द्यावा. अर्थात डोळे बघायचे तर मासा आधी सुलटा करावा लागतो.

घरी आईने बघून नाक मुरडलं. आमच्या घरात पंचगंगेच्या मरळीला जास्त किंमत. रविवार असल्याने भावाने मटण आणलंच होतं, म्हणजे तांबडा-पांढराही होणार. लेप जादाचा.

मोठ्या लेपाचं साल सोलावं लागतं. डोक्यापाशी सुरीने आडवी चीर द्यायची, सालीचं टोक नखाने उचलायचं. बोटं घसरतात, म्हणून हाताला राख किंवा मीठ लावतात. एकदा पकड आली की साल शेपटीपर्यंत एका ओढीत निघतं. दुसऱ्या बाजूचंही तसंच. लहान लेपाला एवढं नको, खवले खरवडले तरी पुरतं. मग कडेचे पर कात्रीने कापायचे, पोट डोक्यालगत इवलंसं असतं ते साफ करायचं.

मीठ, हळद, आमसुलाचं पाणी. बायकोने त्यात घरची कांदा-लसूण चटणी घातली. मालवणच्या ताईने हे बघितलं असतं तर फोनवर भांडण झालं असतं. पण तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून लोखंडी तव्यावर लावलेला लेप आणि त्यावर कोल्हापुरी चटणी हे काही वाईट जमत नाही. मधला काटा एकच, कणा. वरचं मांस सुरीने दोन बाजूंना लोटलं की कणा उचलून बाजूला. पोरांनी काट्याची भीती न बाळगता खाल्ला. आईनेही एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "बरा हाय." आईकडून एवढं पुरे.

दोन लेप मी न सोलता बर्फात ठेवले होते. ते खाण्यासाठी नव्हते.

सोमवार

सोमवारी घरात मासळी शिजत नाही, त्यामुळे बर्फातले लेप डब्यात घालून राजारामपुरीत सरांकडे नेले. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या घरीही सोमवार, पण सरांनी सांगितलं, खायचा नाही, बघायला वार नसतो. गॅलरीतल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, भिंग आणलं.

सरांनी आधी लेप सुलटा केला. डोळ्यांच्या बाजूला भिंग धरून दोन रेषा दाखवल्या, एक अंगाच्या मधून, दुसरी पाठीच्या कडेजवळून. "सायनोग्लॉसस," ते म्हणाले. "१८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांबद्दल लिहिताना हे नाव दिलं. आपल्या किनाऱ्याला याच्या बऱ्याच जाती आहेत." मग विचारलं, "हा जन्मतः असाच असतो का रे?"

मला ऐकून माहीत होतं, तरी त्यांना सांगू दिलं.

लेप जन्मतः सपाट नसतो. मादी अंडी पाण्यात सोडते, ती तरंगतात. पिल्लू बाहेर येतं ते काही मिलिमीटरचं, काचेसारखं पारदर्शक, आणि इतर कुठल्याही माशासारखं. उभं पोहतं, एक डोळा डावीकडे, एक उजवीकडे. वरच्या पाण्यातले सूक्ष्म जीव खातं. मग थोडं वाढल्यावर उजवा डोळा जागा सोडतो. डोक्याची हाडं वळू लागतात, डोळा डोकं ओलांडून डाव्या बाजूला येतो आणि पहिल्या डोळ्याशेजारी स्थिरावतो. तेवढ्यात पिल्लू एका कुशीवर कलंडत जातं, डाव्या बाजूला रंग भरतो, उजवी पांढरी राहते, आणि ते तळाला उतरतं. पुन्हा वर राहायला येत नाही. छातीचे पर जातात, हवेची पिशवीही मोठ्या लेपात उरत नाही. तळाला राहणाऱ्याला तरंगायचं काय कौतुक?

"हे सगळं घडवतं कोण? थायरॉइड," सर म्हणाले. "बेडकाचं पिल्लू शेपटी टाकून बेडूक होतं, तेही याच संप्रेरकाच्या जोरावर. रंकाळ्याच्या कडेला पावसाळ्यात जे चालतं, तेच मालवणच्या समुद्रात."

यावरून एक जुना वाद सरांनी काढला. डार्विनवर सेंट जॉर्ज मायव्हर्ट नावाच्या अभ्यासकाने आक्षेप घेतला होता, की डोळा अर्धवट सरकलेल्या माशाला त्याचा उपयोग काय? डोळा पूर्ण वर आला तर ठीक, मधल्या पिढ्या कशा टिकल्या? डार्विनने 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या आपल्या पुस्तकाच्या १८७२ च्या आवृत्तीत त्याला उत्तर दिलं. पण अर्धा डोळा सरकलेला मासा प्रत्यक्ष कुणाच्या हाती नव्हता. २००८ मध्ये मॅट फ्रीडमन यांनी सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म पुन्हा तपासले, त्यांत ॲम्फिस्टियम नावाच्या माशाचा एक डोळा डोक्याच्या कडेकडे सरकलेला, पण पलीकडे न गेलेला निघाला. पूर्ण वाढलेला मासा, पिल्लू नव्हे. म्हणजे अर्ध्या वाटेवरचे मासे होते, आणि चांगले जगत होते.

"आता यापुढची गंमत बघ," सर म्हणाले आणि सुरीने डोकं मधोमध उघडलं. कवटीच्या मागच्या भागातून त्यांनी चिमट्याने कानातला खडा काढला. तांदळाच्या कणीहून लहान, पांढरा. माशाचं वय यावरच्या वलयांवरून मोजतात. माशाला तोल कळतो तो या खड्यांमुळे. आणि इथेच लेपाची अडचण. डोळे सरकले, पण कान कवटीत होता तिथेच राहिला. मासा नव्वद अंशांत कलंडला तेव्हा कानही त्याच्याबरोबर कलंडला. आता मासा हलला की कानाकडून डोळ्यांना जो निरोप जातो, तो जुन्याच वाटेने गेला तर डोळे भलतीकडे फिरतील. म्हणून कान आणि डोळ्यांचे स्नायू यांमधली नसांची जोडणीच बदलते. हाडं वळली, कातडी रंगली, हे बाहेरून दिसतं. आतली तारजोडणी बदलली, हे नुसतं मासा बघून कधीच कळलं नसतं.

पोट उघडलं तर त्यात काळपट लगदा आणि वाळूचे कण. सरांनी भिंगाखाली बराच वेळ शोधून एका किड्याचा अर्धा तुकडा वेगळा केला, अंगाला कंगोरे असलेला. बाकी काही ओळखू आलं नाही. दुसऱ्या लेपाचं पोट रिकामं.

चहा आला. सर हात धुऊन बसले आणि म्हणाले, चपट्या माशांत सगळे असे एकाच बाजूचे नसतात. भाकस नावाचा मोठा चपटा मासा येतो आपल्या बाजारात कधीकधी, तोंड मोठं, दात तीक्ष्ण. त्यातल्या काहींचे डोळे डाव्या अंगाला, काहींचे उजव्या, आणि दोन्ही चालतं. चपट्या माशांच्या सगळ्या गोतावळ्यात तो जुन्या वळणाचा मानतात. पाठीचा परही त्याच्या डोक्यावर चढलेला नसतो, आणि तो कधीकधी उभाही पोहतो.

"बुधवारी बाजारात जाशील तेव्हा भाकस आहे का बघ," सर म्हणाले. "असेल तर सोलायच्या आधी मला फोन कर, डोळे कुठल्या बाजूला ते सांग. उजवीकडे असतील तर अख्खा घेऊन ये, डावीकडे असतील तर तू खाल्लास तरी चालेल."

बुधवारी लवकर जातो म्हणून सांगितलं, आणि रिकामा डबा घेऊन जिना उतरलो.